द्राक्षमळ्याची फाइल

दोन माणसं, दोन दिवस आणि एक मध्यम आकाराची पिशवी. बेत एवढाच होता. याहून लहान सहल काढायची तर माणसाला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागेल. पण या सहलीची जी फाइल झाली, ती बांधायला फाइलची नाडी पुरेना. शेवटी तिला पायजम्याची नाडी जोडावी लागली.

बेत बाईंचा होता. बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या. शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण बिल्डिंगमधले लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, तेही बाईच म्हणत, आणि म्हणताना नकळत हात मागे बांधत.

या एकतीस वर्षांत बाईंनी दरवर्षी नववीच्या वर्गाला किण्वन शिकवलं. साखरेचं पाणी, त्यात चमचाभर यीस्ट, वर बूच, बुचातून नळी. साखरेचं अल्कोहोल होतं, वायू बाहेर पडतो, उष्णता निर्माण होते. मुलं मान खाली घालून वहीत उतरवून घेत. नळीतून पहिला बुडबुडा यायला चाळीस मिनिटं लागत आणि तास असे पस्तीस मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर प्रयोगशाळेच्या शिपायाने चंबू घासून पालथा घातलेला असे. तो शिपाई फार स्वच्छताप्रिय होता. तो निवृत्त झाल्यावर दुसरा आला. तो त्याचाच भाचा निघाला.

म्हणजे दोनेक हजार मुलांना जे छातीठोकपणे सांगितलं, ते बाईंनी स्वतः कधी धड पाहिलेलंच नव्हतं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न घालायच्या आणि चुकलं तर मार्क कापायच्या. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. चहा गाळता गाळता आठवायची. वाइन पिण्याची त्यांना हौस नव्हती. ती होताना एकदा बघायची होती, एवढंच.

भूगोलाच्या बाईंनी एका द्राक्षमळ्याचा पत्ता दिला. बाईंनी पत्र टाकलं. त्या दिवसांत पत्र टाकलं की माणूस आठवडाभर निवांत असे. उत्तर आलं नाही म्हणून कोणी कोणावर रुसत नसे. उत्तर आलं दोन तारखेला. मळ्याच्या मालकिणीने जांभळट बोटांचे ठसे उमटलेल्या कागदावर मोजक्या ओळी लिहिल्या होत्या : 'बसने पाच तास लागतात. वर दोन खोल्या आहेत, एक तुम्हाला ठेवते. पण चौदा तारखेच्या आत या. सध्या रस उकळतोय. चौदानंतर निवेल. मग पिंपाकडे बघणं आणि भिंतीकडे बघणं सारखंच.'

हातात बारा दिवस होते. दोन दिवसांच्या सहलीला बारा दिवसांची तयारी म्हणजे चैन. बाई खुशीत होत्या, आणि त्या खुशीच्या भरात त्यांनी ते पत्र यजमानांच्या हातात दिलं.

यजमानांना सगळे शेरेसाहेब म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं; खरं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि तिथे समोर आलेल्या प्रत्येक कागदावर शेरा मारायची जी सवय लागली ती काही सुटली नव्हती. सकाळच्या वर्तमानपत्राच्या समासात ते 'असहमत' असं लिहीत. दुधाच्या कार्डावर 'पातळ. कालप्रमाणेच' असं लिहीत. लग्नपत्रिका आली तर तीवर तारीख घालून 'आवक' करत, आणि वधूपिता समोर बसलेला असताना करत.

त्यांनी मालकिणीचं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तत्त्वतः मान्य."

"मग उद्या तिकिटं काढून आणू?" बाई म्हणाल्या.

"तिकिटं? अगं, आधी टिपणी. मग अभिप्राय. मग मंजुरी. तिकीट शेवटी."

"मंजुरी कोणाची?"

"माझीच."

"मग द्या की."

"अशी कशी देऊ? अभिप्राय आल्याशिवाय?"

"कोणाचे अभिप्राय? जाणार तर आपण दोघं."

"जाणारे नाही गं संबंधित. मागे राहणारे संबंधित. धरण बांधताना आपण पाण्याला विचारतो का? गावाला विचारतो."

बाईंना हे उदाहरण कळलं नाही. पण साहेबांची उदाहरणं त्यांना लग्नापासून कधीच कळली नव्हती आणि तरी संसार सुखाचा झाला होता. त्यांनी मान हलवली आणि त्या भात टाकायला गेल्या. नडलं ते तिथेच.

चार तारखेला टिपणी तयार झाली. 'विषय : वाइन तयार करण्याच्या ठिकाणास भेट देणेबाबत.' खाली प्रस्तावना, प्रवासाचा तपशील, सोबत नेण्याच्या वस्तूंची यादी (त्यात 'छत्री – एक, पाऊस आल्यास दोन'), आणि शेवटी एक कोरा कागद, वर 'अभिप्राय'. हे सगळं फाइलला लावून साहेबांनी ती तळमजल्यावर नेऊन दिली. फाइल खालून वर जाते हा नियमच आहे.

तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता आणि बिल्डिंगमधला एकुलता एक टेलिफोनही तिथेच. डॉक्टरांनी फाइल दोन पेशंटांच्या मध्ये वाचायला घेतली ती दुसऱ्या पेशंटाच्या तोंडात कापूस घालून मोठ्याने वाचली. त्या बिचाऱ्याला त्यावर बरंच काही बोलायचं होतं असं त्याच्या डोळ्यांवरून दिसलं, पण ती संधी हुकली. डॉक्टरांनी लिहिलं : 'वाइनमध्ये आम्ल असते. त्याने दातांवरचे कवच झिजते. अशा ठिकाणी सोबत दंतवैद्य असणे इष्ट. मी दोन दिवस दवाखाना बंद ठेवू शकेन. सौ. व सासूबाई यांनाही हवापालट होईल.'

पहिल्या मजल्यावर शिंपी राहत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि मागच्या खोलीत संसार, पण संसार हळूहळू पुढच्या खोलीतल्या कापडांखाली जात चालला होता. मास्तरांचा अभिप्राय फाइलवर उतरायच्या आत ते स्वतःच टेप गळ्यात घालून वर आले.

"बाई, लाल वाइनचा डाग. जन्मात जात नाही."

"मास्तर, मी नुसती बघणार आहे."

"बघतानाच उडतो! कामाच्या माणसाला डाग पडत नाही, बघणाऱ्याला पडतो. उपाय एकच. कापडच वाइनच्या रंगाचं घ्यायचं. माझ्याकडे एक तागा पडून आहे. हात वर करा."

बाईंच्या हातात डाव होता. त्यांनी डावासकट हात वर केला. मास्तरांनी माप घेतलं, कानामागची पेन्सिल काढून फाइलच्या पाठीवर लिहिलं, आणि जाता जाता म्हणाले, "आमची मंडळीही येतेय. तिचं माप माझ्याकडे आहे."

अजून दुसऱ्या मजल्यावरच फाइल अडली, कारण बाईंच्या समोरच्या दारात बिल्डिंगचे सेक्रेटरी राहत. ते विमा एजंट होते. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी अपघात बघायची त्यांची नजर तयार झाली होती. फाइल दोन बोटांच्या चिमटीत धरून, उंदीर धरावा तशी, ते आले.

"शेरेसाहेब, ही फाइल माझ्या टेबलावर सव्वा तास होती. माझ्या मुलीने विषय वाचला."

"मग?"

"मग काय? म्हणाली, मीही येते."

साहेबांचा चेहरा पडला. बऱ्याच चर्चेनंतर विषयातला 'वाइन' हा शब्द खोडून 'द्राक्षप्रक्रिया केंद्र' असा शब्द घातला गेला. त्यामुळे मुलगी येणार नाही अशी अपेक्षा होती. ती तर आलीच, शिवाय 'प्रक्रिया' या शब्दाने सेक्रेटरींच्या पत्नीचाही विश्वास बसला आणि त्याही निघाल्या. मग सेक्रेटरींना मागे राहून काय करायचं होतं?

खरी मेख पुढेच होती. बिल्डिंगच्या पाण्याच्या पंपाची किल्ली शेरेसाहेबांकडे असे. रोज सकाळी सहाला ते खाली जाऊन पंप सुरू करत, गच्चीवरची टाकी भरली की बंद करत, आणि वहीत वेळ लिहीत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे उरलेलं खातं म्हणाल तर ते एवढंच होतं.

"तुम्ही दोन दिवस गेलात तर पंप कोण लावणार?" सेक्रेटरी म्हणाले. "बिल्डिंग कोरडी ठेवून जाणार? आणि तुम्ही? पाणीपुरवठ्याचे?"

हे शेवटचे शब्द साहेबांना झोंबले. त्यांनी खिशातली किल्ली काढून पाहिली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "किल्ली दुसऱ्याकडे द्यायची तर सभा बोलवावी लागेल."

"आणि सभेला सात दिवसांची नोटीस लागते," सेक्रेटरी म्हणाले.

त्या दिवशी तारीख होती सहा. बाई आत बोटांवर मोजत होत्या. सहा आणि सात तेरा. बोटं पुरली, पण एकच दिवस शिल्लक राहिला.

तिसऱ्या मजल्यावर वन्सं राहत. साहेबांची थोरली बहीण. सरकारी इस्पितळात बत्तीस वर्षं मेट्रन होत्या. त्यांच्या चालण्याच्या आवाजानेच अर्ध्या पेशंटांचा ताप उतरत असे असं म्हणतात. त्यांनी अभिप्रायाच्या कागदाला दीड कागद टाचणीने जोडला. 'मला ही गोष्ट फाइलीतून कळावी? मी काय तिसऱ्या मजल्यावर नसून तिसऱ्या देशात राहते? लहानपणी तुला खोकल्याचे औषध चमचाभर जास्त झाले तर तू दोन तास गात बसायचास. तुझी प्रकृती मला माहीत आहे. तुझ्यावर लक्ष ठेवायला मी येणार.' खाली सही, आणि सहीखाली सवयीने 'चार तासांनी पुन्हा'.

अशी अकरा माणसं झाली. अकरा माणसं निघाली की ती सहल राहत नाही, ती मोहीम होते. आणि मोहिमेला सराव हवा असं डॉक्टरांचं मत पडलं. आठ तारखेच्या संध्याकाळी बाईंच्या बैठकीच्या खोलीत सराव झाला. वाइनच्या जागी काळ्या द्राक्षांचा रस होता. डॉक्टरांनी कुठल्याशा मासिकात वाइन कशी चाखावी ते वाचलं होतं.

"आधी बघायचं," डॉक्टर पेला दिव्याकडे धरून म्हणाले. "मग हुंगायचं. मग लहान घोट घ्यायचा, तोंडात सगळीकडे खळखळवायचा, आणि समोरच्या बादलीत थुंकायचा."

"ही तर तुमच्या दवाखान्यातलीच पद्धत आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मी नाही थुंकणार," वन्सं म्हणाल्या. "चांगली वस्तू तोंडात घेऊन थुंकायची, हे शिकायला पाच तास बसमधून जायचं? आमच्या वॉर्डात पेशंट हे फुकट करायचे."

"निदान वास तरी घ्या. मास्तर, तुम्ही सांगा, कशाचा वास येतोय?"

मास्तरांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. "इस्त्रीचा."

"इस्त्रीचा?"

"मला तीस वर्षं सगळ्याचाच इस्त्रीचा येतो."

"सेक्रेटरी, तुम्हाला?"

"येतोय काहीतरी. पण मी लिहून देणार नाही."

डॉक्टरांच्या सासूबाईंनी या गडबडीत तीन पेले संपवले होते आणि चौथा हुंगत होत्या. सगळे हसले. बाईही हसल्या, त्यांना माणसं भरलेलं घर आवडायचं. पण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दीड तास बोलणं चाललं होतं. त्यात बस आली, कपडे आले, गोळ्या आल्या, पत्त्यांचे दोन कॅट आले. पिंपाचं नाव एकदाही कोणी काढलं नव्हतं.

दहा तारखेला साहेब खाली पंपाकडे गेले असताना बाईंनी फाइल उघडली. शेगडीवर दूध ठेवलं होतं. बाईंनी आयुष्यात हजारो पेपर तपासले होते; कुठे गाळलंय, कुठे पाणी घातलंय हे त्यांना पान उलटतानाच कळे. अकरा माणसांना साधी बस चालणार नाही म्हणून खासगी बस. खासगी बसचा ड्रायव्हर मोकळा होता तो तेवीस तारखेला. बस आहेच तर समुद्र काही फार लांब नाही, ही सूचना सेक्रेटरींची. समुद्रावर दोन दिवस हवेतच, ही पुस्ती डॉक्टरांची. आणि वर विषय होता : 'समुद्रकिनारी सहल काढणेबाबत (वाटेत वेळ उरल्यास द्राक्षप्रक्रिया केंद्र).'

दूध उतू गेलं. बाई तिथेच उभ्या होत्या, तरी गेलं. त्यांची नजर त्या कंसावर होती. आपली एवढीशी गोष्ट कोणीतरी उचलून कंसात घातली होती, आणि तीही वेळ उरल्यास.

साहेब वर आले तेव्हा बाई शेगडी पुसत होत्या.

"अहो, तेवीसला तिथे काही नसेल."

"समुद्र असेल ना!"

"मला समुद्र नाही बघायचा."

"मग तसा अभिप्राय..." साहेब म्हणाले आणि थांबले.

"माझा अभिप्राय कोणी विचारला?"

साहेबांनी फाइल घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटली. डॉक्टर होते, मास्तर होते, सेक्रेटरी होते, वन्सं दीड कागदभर होत्या. सासूबाईंनीसुद्धा एका कोपऱ्यात 'ठीक' असं लिहिलं होतं.

"तू प्रस्तावक ना," ते अडखळत म्हणाले. "प्रस्तावकाचा अभिप्राय घेत नाहीत. तशी पद्धत नाही."

"बरं."

"पुढच्या वर्षी जाऊ की आपण दोघंच. पुढच्या वर्षीही द्राक्षं असतीलच."

"द्राक्षं असतील हो," बाई म्हणाल्या. "माझे गुडघे असतील का, ते सांगा. पुढच्या वर्षी पिंपाची शिडी चढवेल का मला?"

 बाई पुन्हा शेगडी पुसायला वळल्या. वर्गात बाई अशा गप्प झाल्या की शेवटच्या बाकावरची मुलं आपोआप ताठ बसत. साहेब त्यांच्या वर्गात कधी नव्हते, त्यामुळे ते जेवून आडवे झाले.

बारा तारखेच्या सकाळी पंप बंद करून साहेब वर आले आणि नेहमीप्रमाणे टेबलावरच्या 'आवक' ट्रेकडे गेले. हा ट्रे म्हणजे बिस्किटांच्या डब्याचं झाकण होतं. त्यात एक कागद होता. अक्षर फळ्यावरच्यासारखं, मोठं आणि सरळ.

'विषय : द्राक्षमळ्यास जाणे. मी उद्या, तेरा तारखेस, सकाळी सातच्या बसने जात आहे. चौदास रात्री परत येईन. तिकीट काढले आहे. तांदूळ वरच्या डब्यात, डाळ खालच्या. केवळ माहितीस्तव सादर.'

साहेबांनी कागद तीनदा वाचला. पेन उचललं. टोपण काढलं. टोपण लावलं. चौतीस वर्षांत त्यांनी मंत्र्यांच्या पत्रावर शेरे मारले होते. एकदा तर चुकून स्वतःच्या बदलीच्या हुकमावर 'योग्य' असं लिहून बसले होते. पण 'केवळ माहितीस्तव' आलेल्या कागदावर शेरा? तसं कोणत्याच खात्यात होत नाही. तो कागद वाचायचा, सही करायची, तारीख घालायची. बस्स.

"हे माहितीस्तव आहे?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलं.

"हो."

"म्हणजे अभिप्राय नको?"

"नको."

"मंजुरी?"

"तीही नको."

"हे तुला शिकवलं कोणी?"

"लग्न झाल्यापासून तुमचे कागद आवरतेय," बाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

साहेबांनी 'पाहिले' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग चहा घेतला. मग वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं. दुपारी दोनदा येऊन त्यांनी बाईंची पिशवी बघितली. पिशवीत एक साडी, टॉवेल आणि थर्मामीटर होता. आजारपणाचा नव्हे, लांबडा, प्रयोगशाळेतला. शेवटी संध्याकाळी ते पलंगाच्या कडेला बसले.

"तू एकटी जाणार?"

"कागदावर तसंच आहे."

"नाही, म्हणजे..." साहेबांनी चष्मा काढून पुसला. चांगला स्वच्छ होता, तरी पुसला. "मी आलो तर चालेल का?"

लग्न झाल्यापासून साहेबांनी घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. बाईंना एकदम हसू आलं आणि जरासं भरूनही आलं, पण त्यांनी दोन्ही गोष्टी टॉवेलच्या घडीत घातल्या.

"या की. पण फाइल आणायची नाही."

"फाइल परवाच डॉक्टरांकडे गेलीय. पण पंपाचं काय? सभा उद्या आहे."

"ते तुमचं खातं."

साहेब जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. वन्संना कसं सांगायचं याची त्यांनी जिन्यात उजळणी केली. प्रकृतीचा मुद्दा, बसचा मुद्दा, आधी न विचारल्याचा मुद्दा. बाई खाली दारात कान देऊन उभ्या होत्या.

"ताई, आम्ही दोघं उद्या जातोय," साहेबांचा आवाज आला. "माझ्याच्याने आता ही फाइल आवरत नाही. तू येणार होतीस, पण पंपाची किल्ली कोणाकडे तरी..."

"आण इकडे."

"सभेचा ठराव..."

"कसली सभा? बत्तीस वर्षं चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळला मी. एक पंप नाही सांभाळणार? आण म्हणते ना!"

"आणि तुझं येणं?"

"मला कुठे पाच तास बसमध्ये बसवतंय?" वन्सं म्हणाल्या. आवाज थोडा खाली आला. "मला कोणी विचारावं एवढंच होतं रे. विचारलंस. आता जा, आणि तिला त्रास देऊ नकोस. खोकल्याचं औषध नेऊ नकोस."

बाकीच्यांचं म्हणाल तर त्यांचं काहीच बिघडलं नाही. तेवीस तारखेला आठ माणसं वाइनच्या रंगाचे कपडे घालून समुद्रावर गेली आणि फार मजेत राहिली. लांबून बघणाऱ्यांना तो बँड वाटला. दोन लोकांनी लग्नासाठी तारीख विचारली. सासूबाईंनी ती दिलीही.

तेरा तारखेची सातची बस पावणेआठला सुटली. पाच तासांचा प्रवास साडेसहा तासांचा झाला, कारण ड्रायव्हरला वाटेत दोन ठिकाणी चहा आणि एका ठिकाणी मेहुणा भेटला. फाइल नसल्यामुळे साहेबांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. एकदा त्यांनी बसच्या तिकिटाच्या मागे काहीतरी लिहायला घेतलं, पण बाईंनी नुसतं बघितलं, आणि त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग त्यांनी बाईंची पिशवी मांडीवर घेतली आणि ते शांत झाले.

मळ्याची मालकीण बुटकी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, आणि कोपरापर्यंत जांभळी होती. तिने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, हाताकडे पाहिलं आणि मागे घेतला.

"पत्रवाल्या तुम्हीच ना? बरं झालं आलात. पहाटेपासून नुसता उसळतोय. चहा नंतर घ्या, आधी चला."

तिने त्यांना एका लांब, पत्र्याच्या छताच्या खोलीत नेलं. दारातच एक मेणबत्ती पेटवली, काठीला बांधली आणि जमिनीलगत पुढे धरली. ज्योत जराशी दबली, पण राहिली.

"खाली जड हवा साचते," ती म्हणाली. "मेणबत्ती विझली तर आपण मागे फिरायचं."

"कार्बन डायऑक्साइड," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याकडे नाव असेल. आमच्याकडे मेणबत्ती आहे."

आत माणसाच्या दीडपट उंचीची, वरून उघडी चार लाकडी पिंपं होती. तिसऱ्याला शिडी लावलेली होती आणि वर उभं राहायला फळी. बाईंचे गुडघे प्रत्येक पायरीला बोलले, पण बाईंनी ऐकलं नाही. साहेब खाली शिडी धरून, डोळे मिटून उभे होते.

"तोंड आत घालू नका," मालकीण खालून म्हणाली. "लांबूनच बघा."

बाईंनी बघितलं. सालींचा जाड जांभळा थर वर आला होता, त्याला भेगा पडल्या होत्या आणि भेगांमधून गुलाबी फेस फुटत होता. एक बुडबुडा नव्हे, पाच नव्हे; मोजायला गेलं तर वेड लागेल इतके. आणि आवाज होता. हे त्यांना कोणत्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. बारीक, अखंड, सुरसुर असा आवाज. लांब कुठेतरी खूप माणसं एकदम हलक्या आवाजात बोलतायत असा. पुस्तकात वायू होता, उष्णता होती, पण आवाज नव्हता. बाई हलल्या नाहीत. मग त्यांनी हात खाली सोडला आणि पिंपाच्या लाकडाला तळवा लावला.

"अहो!"

"काय झालं?" साहेबांनी डोळे उघडले.

"गरम आहे!"

"बिघडलंय का काही?"

"नाही हो! तुम्ही हात लावा. लावा ना! गरम आहे. म्हणजे खरं आहे ते! मी सांगत होते ते सगळं खरं आहे!"

साहेबांनी शिडी न सोडता दुसरा तळवा पिंपाला टेकवला, आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा बराच वेळ तिथेच ठेवला. "आहे," ते म्हणाले. मालकिणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिच्याकडे बरेच लोक येत. हात लावून रडायच्या बेतात आलेलं कोणी तिने बघितलं नव्हतं. तिने भिंतीला टेकवलेला लांब दांडा उचलून बाईंच्या हाती दिला आणि म्हणाली, "आता उगीच उभ्या राहू नका. साली खाली दाबा. हळू. चारी बाजूंनी."

संध्याकाळी मालकिणीने गेल्या वर्षीची वाइन दिली. बाईंना ती आंबट लागली. त्यांनी तोंड वाकडं करून पेला साहेबांकडे सरकवला. साहेबांनी दोन्ही पेले संपवले, एकदाही थुंकले नाहीत, आणि गायलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी चारची बस होती. दोन वाजता मालकीण म्हणाली, "परवा गाळणी आहे. माणूस एक कमी आहे माझ्याकडे. बाईंचा हात चांगला बसलाय. राहता का?" बाईंनी उत्तरच दिलं नाही, त्या फळीवर उकिडव्या बसून थर्मामीटर बघत होत्या आणि मालकिणीच्या वहीत आकडा लिहीत होत्या. ती वही त्यांच्याकडे कधी आली ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब मळ्याच्या ऑफिसात जाऊन टेलिफोनला लागले. अर्ध्या तासाने डॉक्टरांच्या दवाखान्यात घंटा वाजली, डॉक्टरांनी वन्संना हाक मारली, आणि वन्सं तीन मजले उतरून आल्या, त्या धापांसकट ऐकू आल्या.

"आम्ही आणखी दोन दिवस राहतोय," साहेब ओरडून म्हणाले.

"राहा! इथे कोणाला घाई आहे?" वन्सं त्याहून ओरडल्या. "सहा म्हणजे सहाला पाणी सोडते मी. सेक्रेटरी बादली घेऊन रांगेत उभा राहतो आता. तिने पाहिलं का पण?"

"काय?"

"जे बघायचं होतं ते! की नुसती शिडी धरून उभी केलीयस तिला?"

"पाहिलं," साहेब म्हणाले. "अजून बघतेच आहे."

हा निरोप बाईंना नीट सांगायचा म्हणून साहेब वाक्यं जुळवत पिंपांच्या खोलीत आले. अ, वन्संची संमती. ब, परतीची नवी तारीख. क, तिकिटं बदलणे. दारात त्यांनी मेणबत्ती खाली धरून बघितली, मग शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि उंचीची भीती वाटत असूनही एकेक करून सगळ्या चढले. वर पोचल्यावर त्यांनी घसा साफ केला.

बाईंनी पिंपावरची नजर काढली नाही. "हळू," त्या म्हणाल्या, "आत्ता थर वर येतोय," आणि साहेबांना बसता यावं म्हणून फळीवर जराशा सरकल्या.